भुकेल्या आमदाराचा मुहूर्त

आमदाराला उपाशीपोटी गाठायचं, हा आमच्या मनोहररावांचा नियम. साहेबांच्या जेवायच्या वेळी, बरोबर एकला, हा माणूस सतरा पानांचं निवेदन घेऊन कार्यालयात हजर. बरं, निवेदन देऊन गपगुमान परत येईल तर शपथ! उभ्या उभ्या अख्खं वाचून दाखवणार, तेही सावकाश.

"पोट भरल्या माणसाले भूक समजत नाई, बापू," हे वर मला तत्त्वज्ञान.

मनोहरराव सिंदी मेघेतले माझे शेजारी. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झाले, बायको गेली आणि यांच्या डोक्यात अन्नबँक शिरली. थैली घेऊन घरोघरी फिरायचं, तांदूळ-डाळ गोळा करायची, रेशन न मिळणाऱ्यांना वाटायची. इथवर ठीक होतं. पण सेलूकडच्या अकरा म्हाताऱ्यांचे अंगठे रेशनच्या मशीनवर लागेनात. जन्मभर कापूस वेचून रेषाच झिजल्या, लागतील कुठून? दुकानदार म्हणे, अंगठा नाही तर धान्य नाही. झालं, हे महाशय कायदा करणाऱ्यांच्या मागे लागले.

"मी किती दिवस थैली घेऊन फिरू? अंगठा नाई लागला तरी धान्य भेटलंच पाह्यजे, असा नियम करा म्हना!"

आमदारांचा पीए यांचा बाप निघाला. मनोहरराव फाटकाशी दिसले रे दिसले की साहेबांपुढे ताट. चारदा साहेबांनी ढेकर देत निवेदन ऐकलं आणि "बघतो" म्हणाले. काय बघतात कोण जाणे! फोटोपुरती गरिबी दिसते यांना.

गेल्या सोमवारी मनोहररावांनी मला स्कूटरसकट पकडलं. "नागपूरले अधिवेशन भरून राह्यलं. आता नाई तर कवाच नाई."

पीएला चकवायला आम्ही दहालाच पोचलो. त्याने अडीचपर्यंत बाकावर बसवलं. मी मधे दोन समोसे हाणून आलो, हे हलले नाहीत. शेवटी आत गेलो. बैठकीत अडकल्याने साहेब खरंच उपाशी होते, ताट झाकलेलंच होतं; मुहूर्त साधला होता. आणि तिसऱ्या पानावर मनोहररावच धाडकन खाली पडले!

साहेबांची पाचावर धारण बसली. साखरपाणी पाजून त्यांनीच विचारलं,

"काल काय जेवले तुम्ही?"

"काल... नाई."

"परवा?"

"मुरमुरे होते."

"अहो, घरात धान्याच्या गोण्या ठेवून उपाशी मरता?"

"ते बँकेचं हाय, साहेब."

साहेबांनी स्वतःचं ताट पुढे केलं. मनोहररावांनी ते परत सरकवलं. "पयले सही."

अधिवेशनात प्रश्न मांडतो, असं लिहून साहेबांनी सही केली. कार्यालयात माणूस दगावायच्या भीतीनेच केली असेल. पण केली!

येताना मी स्कूटरवरच खेकसलो, "अकरा जणींची काळजी करता, स्वतःला दोन पोळ्या टाकता येत नाहीत?"

मागून हळूच आवाज आला, "एकट्यासाठी काऊन तवा ठेवाचा, बापू?"

शेजारून फोडणीचा वास येत नाही, हे इतक्या दिवसांत माझ्या नाकाला कळलं नव्हतं. या माणसाची टिंगल करताना कळायला वेळ कुठे होता? लाज वाटली, खरंच सांगतो.

संध्याकाळी त्यांना ओढूनच घरी जेवायला आणलं. दोन पोळ्या झाल्यावर बायकोने विचारलं, "भाऊजी, आणखी वाढू का?"

"नाई, नाई, झालं," म्हणाले. पण हात धुवायला उठेनात. नुसते ताटाकडे बघत बसले.

बायकोने पुन्हा विचारलं नाही, सरळ वाढलं. ते मान खाली घालून खात राहिले. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो आणि जरा वेळ तिथेच थांबलो.