कापसाच्या खोलीतला सर्व्हर

या, बसा. त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय लंगडा आहे. इकडं पोत्यावर बसा अन् चहा येईलोक आमच्या धामणगाव बढ्याच्या झेबाची गोष्ट ऐका. खोटं वाटलं तर भगवानरावच्या घरी जाऊन इचारा. भगवानराव लाजन, पण त्याची बायको कोकिळाबाई सगळं सांगन.

झेबा म्हणजे शकील गादीवाल्याची पोरगी. बाप दिवसभर रुई पिंजून गाद्या-रजया भरते, पोरगी बाजूच्या टपरीत लोकाइचे ऑनलाइन फॉर्म भरते. त्या साली कापसावरच्या गुलाबी अळीची धास्ती पेरणीपासूनच होती. झेबानं गावातल्या बासष्ट जणाइले एकेकाले धरून सांगितलं, "काका, बीटी बियाण्याचं पाकीट फोडाच्या अगोदर ते हातात धरून वावरात उभे राहा, फोटो काढा अन् मले पाठवा. बिलाचाही पाठवा. कागद तुमच्या खिशात राहत नाई, धुण्यात जाते."

लोकाइनं पाठवले. मंग काय, तिचा फोन भरला. ऑनलाइनची फुकट जागा भरली. अन् आमच्या गावात नेट म्हणजे पाहुण्यासारखं, आलं तर आलं. पोरीनं ठरवलं, आपला सर्व्हर आपणच बांधाचा. सर्व्हर म्हणजे काय, तर सगळ्या गावाच्या फोटोची कोठी समजा. बाकी मले बी कळत नाई.

मलकापूरच्या भंगारातून तिनं एक रॅकमाउंट पेटी उचलली. चपटी, लांब, लोखंडी, समोर दोन मुठी. एस्टीत मांडीवर घेऊन बसली तं कंडक्टर म्हणे, "बाई, बाजाच्या पेटीचं वेगळं तिकीट लागन." पेटीत तिनं जुन्या कॉम्प्युटरचं काळीज बसवलं, दोन डिस्का बसवल्या. एकीत ठेवलं की दुसरीत आपोआप जाते, म्हणजे एक मेली तरी दुसरी आहे. समोरून हवा ओढाले तीन पंखे. अशी पेटी लोखंडी रॅकमध्ये सरकवून ठेवतात म्हणे, पण रॅक कोण घेते? शकीलनं घरची जुनी खाट कापली अन् मापात असा घोडा ठोकून देला की पेटी त्यात ड्रॉवरसारखी जाये.

"तेरी पेटी के वास्ते मेरी खाट गई," शकील बोलला.

"अब्बा, तुम्ही तसेही गादीवरच झोपता."

मी सांगतो, शहरात ज्यासाठी लोकं इंजिनेर बोलावतात, ते या पोरीनं एका स्क्रू-डायव्हरवर केलं.

आता पेटी ठेवाची कुठं? शकीलच्या घरात तं नाकातही रुई जाते. "ह्यात रुई गेली की मेलं," झेबा म्हणे. म्हणून मुद्दाम कापसापासून दूर, भगवानरावच्या मधल्या खोलीत ठेवली. मातीच्या भिंती, थंडगार, इन्व्हर्टर होता, अन् तवा ती खोली रिकामी होती. जुलैचा महिना. त्या पेटीले ना पडदा ना कीबोर्ड, चालू कराचं एक बटन तेवढं. झेबा सगळं आपल्या टपरीतून चालवे. तिनं जाताना एवढंच सांगितलं, "काका, याले थंड ठेवाचं."

"तू चिंताच नको करू, पोरी," भगवानराव म्हणाला.

अन् त्या माणसानं शब्द पाळला, हो. तिथूनच तं घोळ झाला.

दिवाळीनंतर पहिल्या वेच्याचा कापूस घरी आला. भाव पडेल होता. आपल्याकडं भाव पडला की कापूस कुठं जाते? घरात. मधली खोली आढ्यापर्यंत भरली. पेटी कोपऱ्यात होती तिथंच, चारी बाजूनं कापूस, दारातून जायले फक्त एक बोळकांडी. झेबाले पत्ता नाई, कारण तिचं काम टपरीतून बरोबर चालू होतं.

मंग थंडी पडली. कोकिळाबाईले एक दिवस ध्यानात आलं की पेटीचा माथा मस्त कोमट असते. थंडीत तिचं दही काही लागे ना. तिनं विरजणाचं गाडगं पेटीवर ठेवलं. सकाळी पाहते तं सुरीनं कापावं असं दही! त्या दिवसापासून गाडग्याची जागा पक्की.

भगवानरावनं काय केलं, ते त्याहून भारी. एक दिवस पेटीच्या मागं हात गेला तं गरम हवा भसाभसा येऊन राह्यली. त्याले झेबाचा शब्द आठवला, थंड ठेवाचं. वरून गरम हवेनं कापूस वाळते, वाळला की काट्यावर वजन उतरते. त्यानं कापसाचा चांगला मोठा बोळा केला अन् मागची भोकं गच्च बुजवून टाकली. हवा बंद. भगवानराव खूश.

दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. अळीनं बोंडं पोखरली होती, गावानं बियाण्याची तक्रार केली होती. भगवानरावच्या ओसरीत तालुक्याचे कृषी साहेब आले, बियाणं कंपनीचा साहेब आला, अंगणात बासष्ट जण. कंपनीचा साहेब लय गोड बोले.

"तुमचं नुकसान झालंय, मला मान्य आहे. पण हे आमचंच बियाणं कशावरून? पाकिटं आहेत का कुणाकडे?"

पाकिटं कुठून असतील? कोणाच्या चुलीत गेली, कोणाच्या नाल्यात. कृषी साहेब म्हणाले, "पुरावा नसन तं मी लिहू काय? सगळ्याइचा अर्ज निकाली निघन."

"पुरावा आहे," झेबा उठली. "सगळ्याइचे फोटो आहेत, तारखेसकट." तिनं लॅपटॉप उघडला. त्यावर गोल चक्कर फिरून राह्यलं, फिरून राह्यलं.

"सर्व्हर डाऊन आहे का?" कंपनीचा साहेब हसला.

कृषी साहेबानं घड्याळ पाह्यलं. "पोरी, अर्धा घंटा देतो. मले पुढं रोहिणखेडले जाचं आहे."

झेबा मधल्या खोलीत धावली अन् दारातच थबकली. "काका! हे काय?"

"कापूस."

"अन् पेटी?"

"अंदर आहे ना. चांगली थंड ठेवली."

ती बोळकांडीतून घुसली. आतून आवाज, "काकू, हे गाडगं कायचं?"

"दही आहे बाई, हिंदकळू नको!"

"अन् मागं हा बोळा कोणं कोंबला?"

अंगणातल्या साऱ्या माना भगवानरावकडं वळल्या. भगवानराव आभाळाकडं पाहू लागला.

पेटी चौघाइनं ओसरीत आणली. झाकण काढलं तं आत यंत्र दिसेच ना. तीन पंख्याइनं महिनाभर कापूस ओढला होता, वरून बोळा. आत गादी तयार! झेबाचे डोळे भरून आले. तिनं फुंकर माराले तोंड खाली नेलं.

"फूँक मत!" शकील अंगणातून ओरडला. "फुंकली की रुई अंदर घुसते. सरक."

तो येऊन मांडी घालून बसला. झाडूची एक काडी घेतली, तिचं टोक रुईत टेकवलं अन् हळूहळू फिरवू लागला. वातीसारखी रुई काडीले गुंडाळत आली, एका सुरात, एकही तुकडा न तुटता. जनम गेला त्याचा रुईत. पंख्याच्या पात्यामागून, पट्ट्याच्या फटीतून त्यानं अशी रुई ओढली, जशी माय लेकराच्या केसातला गुंता काढते. सारे वाकून पाहत होते. तेवढ्यात कोकिळाबाईनं दोन्ही साहेबाइले तेच दही वाढलं. कंपनीच्या साहेबानं दुसरी वाटी मागतली.

"घे," शकील म्हणाला. बाजूले उशीएवढी रुई पडली होती.

झेबानं बटन दाबलं. काही नाई. परत दाबलं. काही नाई. तिनं आतली मेमरीची एक पट्टी उपसली, ओढणीनं पुसली, परत दाबून बसवली. बटन दाबलं. तिन्ही पंखे भुर्रकन फिरले, अन् अंगणातून असा आवाज उठला की भगवानरावचा बैल दावं तोडाले लागला.

पहिलाच फोटो भगवानरावचा. वावरात उभा, हातात पाकीट, छाती अशी फुगवेल जशी काही आमदारकीले उभा आहे. पाकिटावरचा लॉट नंबर झकास दिसे. मंग दुसरा, तिसरा, बासष्टच्या बासष्ट. कृषी साहेबानं एकेक नंबर लिहून घेतला. कंपनीच्या साहेबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. नंबर त्याच्याच कंपनीचे.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण असली भंगारातली यंत्रं भरवशाची नसतात. ऐनवेळी बंद पडलंच ना?"

भगवानरावलेही ते पटलं. "हाव पोरी, आजच काऊन बंद पडलं ते?"

"ते पडलं नाई, काका," झेबा हळू बोलली. "त्यानं स्वतःले बंद केलं. मी बांधतानीच त्याले सांगून ठेवलं होतं, एवढं तापलं की बंद व्हाचं. तुमी बोळा लावला, ते तापलं. बंद झालं नसतं तं..."

सगळ्याइनं मधल्या खोलीकडं पाह्यलं. आढ्यापर्यंत कापूस. एक ठिणगी पुरे होती. कंपनीच्या साहेबानं वाटी खाली ठेवली.

कोकिळाबाई उठली. पेटीजवळ गेली, तिच्यावर हात ठेवला. "झेबा, हे आता कापसाच्या खोलीत नाई जाणार. बैठकीत ठेवू, इथं, पंख्याखाली."

"अन् मी कुठं बसू?" भगवानराव म्हणाला.

"तुमी बसा कापसात. बोळे करत."

तवापासून पेटीची मालकीण कोकिळाबाई. कोणाले हात लावू देत नाई. झेबाजवळून सारं शिकली. आता गावातली लग्नं, बारशी, म्हशीचे फोटो, सारं त्यातच. दोन्ही डिस्का काठोकाठ भरल्या. म्हणून तुमाले एक मागतो. तुमच्या घरी जुना बंद कॉम्प्युटर असन, तं फेकू नका. त्यातली डिस्क काढून आमच्या झेबाले धाडून द्या. फक्त तुमचे घरचे फोटो अगोदर काढून घेजा. कोकिळाबाई एकेक उघडून पाहते, अन् मंग बाजारात चारचौघात इचारते, "काऊन वो, त्या फोटोत तुमच्या बाजूले उभी होती ते बाई कोण?"