अभ्यास अपुरा असल्याचा दाखला

माणूस परदेशी शिकायला जातो, हा एक जुना आणि निरुपद्रवी गैरसमज आहे. तो तिथे विद्यार्थी असायला जातो. शिकणे ही खासगी बाब असून ती कोणीही, कुठेही, कुणाला न सांगता उरकू शकतो. विद्यार्थी असणे ही मात्र सरकारी बाब आहे. तिला मुदत लागते, क्रमांक लागतो आणि दोन फोटो लागतात (कान दिसले पाहिजेत, हसू दिसता कामा नये).

ज्यांना हे उशिरा कळते ते लवकर परत येतात. या गोष्टीतल्या धाकटीला ते घरातूनच कळले होते, कारण ती एका निवृत्त हेडक्लार्कची मुलगी होती. वडिलांनी जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीत बत्तीस वर्षे काढली होती, आणि तेवढ्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही माणूस अर्धवट जन्मला किंवा अर्धवट मेला नव्हता. निघताना आईने धाकटीला स्वेटर दिला, थोरल्या बहिणीने गळ्यात पडून रडून घेतले आणि वडिलांनी एक फाइल दिली. फाइलला अनुक्रमणिका होती.

परदेशी विद्यार्थ्याचा दर्जा, ज्याला बोलताना सगळे 'स्टेटस' म्हणतात, टिकवायला फार काही करावे लागत नाही. एकूण एकोणीसच गोष्टी आहेत. पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवावे. वर्गाचे तास नेमके तेवढेच घ्यावेत. एक कमी घेतला तर हा इथे शिकायला आला आहे की राहायला असा संशय येतो, आणि एक जास्त घेतला तर कुणाला विचारून असा प्रश्न येतो. वाचनालयात पुस्तके लावण्याचे काम आठवड्याला वीस तास करता येते, पण एकविसाव्या तासाला हातातले पुस्तक जिथल्या तिथे ठेवून द्यावे, मग ते अर्धे कपाटात असले तरी चालेल. आजारी पडायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. हे सर्व केल्याचे पुरावे जपावेत, आणि पुरावे जपल्याचा फॉर्म दर सत्राच्या तिसऱ्या सोमवारी भरावा. उरलेल्या वेळात अभ्यास करायला नियमांची काहीही हरकत नाही.

धाकटीने एकदा आपल्या वेळेचे शंभर भाग पाडून पाहिले. तीस भाग झोप आणि जेवण, अठ्ठावीस रांगा, एकोणीस फॉर्म, अकरा भाग तो फॉर्म पोचला का हे विचारण्यात, आणि राहिलेले बारा अभ्यासात. त्या बारांत तिचे काम झकास चालले होते. घरीही आनंद होता. आई शेजारणीला सांगे, "तिचं स्टेटस अगदी व्यवस्थित आहे हो." ऐकणाऱ्याला वाटे, नातवाला दात येताहेत.

दोन वर्षे अशी सुखात गेली आणि मग छत गळू लागले. धाकटी ज्या घरात भाड्याने राहत होती, तिथे तिच्या खोलीच्या बरोबर वर दुसऱ्या भाडेकरूचे न्हाणीघर होते, आणि ते थेट तिच्या उशीवर ठिबकायला लागले. घरमालकिणीने तिला खालच्या मजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्राला लागून असलेल्या खोलीत हलवले. घर तेच, दार तेच, पत्रपेटी तीच. दुसरी कोणी असती तर उशी काखेत मारून खाली गेली असती आणि विषय संपला असता. धाकटीने उशी नंतर नेली. आधी पत्ता बदलल्याचा फॉर्म आणला.

फॉर्मात बावीस रकाने होते. त्यातला चौदावा 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची तारीख' असा होता आणि तो तिला लागू नव्हता. सर्वसाधारण माणूस अशा वेळी रकाना मोकळा सोडतो. धाकटीच्या घरी मोकळा रकाना म्हणजे कडी न लावता झोपण्यासारखे होते. वडिलांची बत्तीस वर्षांची पद्धत अशी, की लागू नसलेल्या रकान्यात 'नाही' लिहायचे आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख घालायची, म्हणजे मागाहून कोणी तिथे काही घुसडू शकत नाही. लग्न ठरताना त्यांनी मुलीकडच्यांना आपली माहिती दिली, त्यात 'व्यसन' याच्यापुढेही 'नाही' आणि खाली तारीख होती. (तंबाखू दोन महिन्यांनी सुरू झाली. कागद त्या तारखेपुरता खरा होता, हे आईही मान्य करते.)

धाकटीने चौदाव्या रकान्यात 'नाही' लिहिले आणि खाली तारीख घातली.

तो फॉर्म एका यंत्राने वाचला. त्या रकान्यात फक्त आकडे वाचायचे असे यंत्राला सांगितलेले होते. त्याने 'नाही' हा शाईचा डाग समजून सोडून दिला, तारीख उचलली आणि शिस्तीत पुढे कळवली. चौथ्या दिवशी धाकटीला पत्र आले. अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल तिचे मनःपूर्वक अभिनंदन करण्यात आले होते, आणि येथील वास्तव्याचे कारण संपुष्टात आल्यामुळे तीस दिवसांच्या आत देश सोडावा अशी विनंती होती. नवा पत्ता नोंदला गेला आहे, हेही शेवटी आवर्जून कळवले होते.

पत्र घेऊन धाकटी जिन्यावर बसली. दोन वर्षे ती एकाच प्रश्नाच्या मागे होती आणि उत्तर अगदी जवळ आले आहे असे तिला गेले काही दिवस वाटत होते. आता परत जावे लागले तर प्रयोगशाळेतला तिचा कोपरा दुसऱ्याला मिळणार आणि प्रश्न तिथेच पडून राहणार. तिला रडू आले आणि ती रडली (याला परवानगी लागत नाही).

परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात एक बाई बसायच्या. प्रत्येक नकार त्या इतक्या मायेने द्यायच्या की मुलांनी त्यांचे नाव गोड बाई ठेवले होते. त्यांच्या टेबलावरची पेने दोऱ्याने बांधलेली होती आणि दोरा सहीपुरताच लांब होता. त्यांनी पत्र वाचले, फॉर्मची प्रत पाहिली आणि मान हलवली.

"ही चूक आहे, मला दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "पण चूक दुरुस्तीचा अर्ज फक्त विद्यार्थ्याला करता येतो. तुम्ही आता विद्यार्थी नाही."

"मग मी विद्यार्थी असल्याचा दाखला आणते."

"आणा की. नोंदणी विभागात मिळतो. ज्यांची नोंद चालू आहे त्यांना."

नोंदणी विभागाने तिची नोंद बंद झाल्याचे दाखवले आणि माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनाचे निमंत्रण दिले. तिथून ती आपल्या प्राध्यापकांकडे गेली. हिचा अभ्यास अजून झालेला नाही असे पत्र त्यांनी द्यावे, एवढेच तिचे मागणे होते. प्राध्यापक भला माणूस होता, पण तीस वर्षे शिफारसपत्रे लिहून त्यांच्या हाताला एकच वळण पडले होते. दीड तास खपून त्यांनी लिहिले, "सदर विद्यार्थिनीचा अभ्यास अत्यंत उत्कृष्टरीत्या अपुरा असून मी तिच्या अपुरेपणाची जोरदार शिफारस करतो." गोड बाईंनी ते पत्र परत केले. त्यात 'उत्कृष्ट' हा शब्द होता, आणि तो पूर्ण झालेल्यांसाठी राखीव होता.

दहा दिवस असे गेल्यावर तिने घरी सांगितले. वडिलांनी सगळे ऐकून घेतले.

"'नाही' लिहिलं होतंस ना?" त्यांनी विचारले.

"हो, बाबा."

"तारीख खाली की शेजारी?"

"खाली."

"मग बरोबर आहे," वडील म्हणाले. दुसऱ्या दिवशी आईकडून कळले, की ते वाढलेल्या पानावरून तसेच उठले होते आणि जुन्या कचेरीतले नियमांचे पुस्तक काढून बसले होते. त्यात परदेशाचा उल्लेख नव्हता.

विसाव्या दिवशी गोड बाईंनाच वाट सापडली. नियमावलीच्या एका पोटकलमात 'अभ्यास अपुरा असल्याचा दाखला' अशी सोय होती, जी आजवर कुणी मागितली नव्हती. तिघांची समिती तोंडी परीक्षा घेते आणि दहा प्रश्न विचारते. सात किंवा जास्त उत्तरे आली तर अभ्यास पूर्ण झाला असे समजावे व उमेदवारास परत पाठवावे. तीन किंवा कमी आली तर प्रगती असमाधानकारक समजावी व उमेदवारास परत पाठवावे. चार, पाच किंवा सहा आली तरच तो विद्यार्थी. विद्वानांना शतकानुशतके डोके खाजवून जी व्याख्या जमली नाही, ती एका कारकुनाने तीन ओळींत बसवली होती: ज्याला साधारण निम्मे येते तो विद्यार्थी. या कारकुनाचा पुतळा कुठे नाही, ही खेदाची बाब आहे.

परीक्षा सत्ताविसाव्या दिवशी ठरली. धाकटीने तयारी सुरू केली आणि तिच्या लक्षात आले, की न येण्याचा सराव फार अवघड आहे. लहानपणापासून उत्तर येते म्हटल्यावर हात वर करायची तिला खोड होती. ती कपडे धुण्याच्या यंत्रासमोर उभी राहून "मला माहीत नाही" असे म्हणून पाही. पहिल्या दिवशी ते खोटे वाटले. चौथ्या दिवशी जमायला लागले. सहाव्या दिवशी तिला खरोखरच दोन गोष्टी आठवेनात, तेव्हा घाबरून तिने पुन्हा पुस्तक उघडले, कारण फार विसरूनही चालणार नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती प्रयोगशाळेत गेली, केवळ हातांना काहीतरी काम हवे म्हणून. आणि तिला उत्तर सापडले. जे दोन वर्षे हुलकावणी देत होते ते समोर आले, तेही इतके सरळ की तिचा विश्वास बसेना. तिने पुन्हा करून पाहिले. तिसऱ्यांदा करून पाहिले. तेच आले. जगात हे आत्ता आपल्याला एकटीला माहीत आहे, असे तिला वाटले. तिने ते वहीत लिहिले. सांगायला आसपास कोणी नव्हते. प्राध्यापक एका बैठकीत होते. बारा वाजता समिती होती. ती वही पिशवीत घालून गेली.

समितीत एक म्हातारे अध्यक्ष, एक बाई, ज्या प्रत्येक उत्तरानंतर खूण करत होत्या, आणि एक गृहस्थ, जे घड्याळ पाहण्यासाठी नेमले होते, असे तिघे होते. सकाळचा आनंद धाकटीच्या अंगात अजून होता. तिचे भान सुटले. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरे तिने धडाधड देऊन टाकली. बाईंनी सहावी खूण केली आणि वर पाहिले, तेव्हा ती भानावर आली. सातव्याला ती म्हणाली, माहीत नाही. आठव्याला, माहीत नाही. नवव्याला तिने थोडा विचार केल्यासारखे केले, हे तिचे तिलाच आवडले नाही.

मग अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवला आणि चष्मा काढला. त्यांना ही मुलगी पसंत पडली होती आणि तिला त्यांनी सांभाळून घ्यायचे ठरवले होते.

"शेवटचा प्रश्न मी माझ्या मनाचा विचारतो," ते म्हणाले. "घाबरू नका. याचं उत्तर कुणालाच येत नाही. मी स्वतः अकरा वर्षं डोकं फोडतो आहे."

आणि त्यांनी तिचाच प्रश्न विचारला.

धाकटीने पिशवी छातीशी धरली. म्हातारा माणूस समोर बसला होता, अकरा वर्षे दमलेला, आणि त्याला हवे ते त्याच्यापासून हातभर अंतरावर होते. एक वाक्य पुरले असते. त्या वाक्याने तिची उत्तरे सात झाली असती, अभ्यास पूर्ण झाला असता, आणि ते नीट तपासायला, लिहून काढायला, सिद्ध करायला ती इथे राहिली नसती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि हसून त्यांनी शून्य लिहिले.

दाखला तिसऱ्या दिवशी हातात पडला. 'अर्जदाराचा अभ्यास समाधानकारकरीत्या अपुरा आहे' असे त्यावर होते आणि खाली तीन सह्या होत्या. दर्जा पूर्ववत झाला. सोबत एक अट होती: प्रमाणित केलेला अपुरेपणा किमान दोन सत्रे टिकवावा, त्याआधी उमेदवारास काही समजल्याचे आढळल्यास दाखला खोट्या माहितीवर घेतला असे मानले जाईल. गोड बाईंनी ही अट तिला दोनदा वाचून दाखवली आणि तिचा हात हातात घेतला. तेव्हा वही पिशवीतच राहिली.

त्या दिवशी घरी सगळे फोनभोवती जमले. आईचा जीव भांड्यात पडला. थोरलीने सासरी आधीच कळवून टाकले. वडिलांनी दाखल्याची प्रत मागितली आणि पत्ता तोच आहे ना हे विचारले. त्यांचा आवाज वीस दिवसांनी मोकळा झाला होता, आणि तो ऐकून धाकटीला फार बरे वाटले.

"बाबा, अजून एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी सकाळी मला..."

"व्हिसाचंच काही?"

"नाही, व्हिसाचं नाही."

"मग सावकाश सांग गं," वडील म्हणाले, आणि शेजारी बातमी आणि पेढे द्यायला उठले.

धाकटीने फोन ठेवला. तिला वाईट वाटले. आपल्या माणसांवर रागवावे असे काही त्यांनी केलेले नव्हते, म्हणून ते जास्तच वाटले.

एव्हाना वाचकांनाही हायसे वाटले असेल. तिचे किती दिवस उरले, किती उत्तरे झाली, हे तुम्ही बोटांवर मोजत आलात, आणि तिचे स्टेटस शाबूत राहिल्यावर तुमचाही श्वास मोकळा झाला. हे तुमच्या चांगुलपणाला धरूनच आहे. फक्त एक गोष्ट नमूद करून ठेवतो. ती मुलगी तिथे काय शिकायला गेली होती, हे या गोष्टीत पहिल्या ओळीपासून इथपर्यंत एकदाही आलेले नाही, आणि तुमच्यापैकी कोणी विचारलेही नाही.