फोटो रस्ता चुकते

संगणकातून फोटो गायब झाला, की मारोतभाऊ संगणकाला हात लावत नाहीत. आधी खोलीतल्या माणसांना भिंतीशी उभं करतात. "कोनं हलवलं? कोनं नाव बदललं? कोनं उडवलं?" या सवालांपुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. एकदा आमच्या मच्छीमार सोसायटीत चहा घेऊन आलेला माणूस इतका घाबरला, की शेजाऱ्याची कोंबडी आपणच खाल्ली हे कबूल करून मोकळा झाला. फोटोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

वडशात मारोतभाऊंचा टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या तालुक्याची बोटं त्यांनी वळवली. पुढे क्लास बंद पडला, पण हेडमास्तरकी शाबूत राहिली. "फोटो मरत नाई बाप्पा, रस्ता चुकते," हा त्यांचा सिद्धांत. फाइलीत असतो तो नुसता फोटोच्या घराचा पत्ता. घर हललं की पत्त्यावर लाल फुली. भाऊंनी हाक मारली, तर भद्रावतीत हरवलेला फोटोसुद्धा एसटी पकडून येतो, अशी त्यांची ख्याती. ही ख्याती मीच पसरवली आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

यंदा तर गावच्या तलावाचाच प्रश्न होता. मासेमारीचा ठेका पुन्हा आमच्या सोसायटीला हवा, तर आम्ही तलाव कसा राखला त्याचा फोटोंसकट अहवाल दुपारच्या आत मत्स्यखात्याच्या साहेबांपुढे ठेवायचा होता. नाहीतर वरोऱ्याचा एक व्यापारी टपलेलाच. सकाळी मी, म्हणजे सोसायटीच्या सचिवाने, फाइल उघडली. बेशरमची झुडपं उपटणाऱ्या बायांच्या जागी लाल फुली, जाळ्याच्या जागी लाल फुली, रोहूच्या जागी लाल फुली. जणू रातोरात कुणी तलावच उचलून नेला!

भाऊ आले. रांग लागली. पहिल्याच सवालाला आमचे अध्यक्ष दौलतभाऊ फुटले.

"म्या फक्त श्री लावलं. लक्ष्मीपूजनाले वहीवर लावतो ना, तसं फोटोच्या फोल्डरले लावलं. नावाच्या आधी."

"म्हंजे घराची पाटीच बदलली! आता फोटोनं कुठी जावं?"

"मंग श्री काढून टाका," मी म्हणालो.

दौलतभाऊ उसळले. "लक्ष्मीपूजनाचं श्री पुसून राह्यले? तलाव आटन ना!"

इकडे श्री, तिकडे ठेका. मधे आम्ही, घामाघूम. मारोतभाऊंनी बोटं मोडली. आवाज वैनगंगेपार गेला असावा. मग त्यांनी फोल्डरची एक नक्कल काढली आणि तिला जुनंच नाव दिलं. "श्रीवालं देवाले, बिनश्रीचं फाइलीले." फाइल पुन्हा उघडली आणि फुल्या फुटल्या! बाया आल्या, जाळं आलं, आणि रोहू तर असा उसळला, की समोर बसलेल्या दौलतभाऊंचा सदरा भिजला. मग भाऊंनी आणखी एक कळ दाबून सगळे फोटो फाइलीच्या पोटातच बांधून टाकले. "आता सायबाच्या कम्पुटरवर गेले तरी हलत नाई."

साहेबांनी पानं उलटली, रोहूपाशी थांबले, हसले. संध्याकाळपर्यंत ठेका आमचा! गुलाल इतका उडाला, की म्हशी ओळखू येईनात. दौलतभाऊ तर ढोलापुढे नाचत होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात एक किडा वळवळला.

"भाऊ, सायबाची फाइल तं तुमी एका कळीत बांधली. मंग आमच्या फाइली आजवर काऊन नाई बांधल्या? दरवेळी फोटो पळते, दरवेळी तुमाले वडशाहून बोलवा लागते."

भाऊ सदऱ्यावरचा गुलाल झटकत राहिले. झटकून झाला, तरी झटकत राहिले.

"बांधल्या असत्या," ते म्हणाले. "मंग तुमी बोलावलं असतं काय?"

ढोल जोरात वाजत होता. मी बाजूला जाऊन घरी फोन लावला. बायकोला म्हटलं, भाऊ आज मुक्कामाला आहेत, भात जरा जास्त टाक.