मेहुण्याला विचारून सांगतो

बल्लारपुरात स्वतःचा मेल सर्व्हर बसवणारा पहिला माणूस मीच! साल दोन हजार सहा, ब्रॉडबँड नुकतंच आलेलं, आणि सुलतानाबाईंच्या बांबू फर्निचरच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा मी, सैफ. आता आपली मेल आपल्याच मशीनवरून जाणार, असं बाईंना छाती फुगवून सांगितलं.

एकच निवड बाकी होती. कुठल्या नावाचा पत्ता काय, हे आपलं मशीन दुसऱ्या एखाद्या मशीनला विचारतं. त्यालाच डीएनएस म्हणतात. टेलिफोनवाल्यांचं डीएनएस एक दिवस जागं, तर दोन दिवस झोपलेलं. म्हणून मी भरवशाचं निवडलं. चंद्रपूरला सायबर कॅफे चालवणाऱ्या माझ्या मेहुण्याचं, जहीरचं. घरचा माणूस, दगा देणार नाही!

त्याच दिवशी हैदराबादच्या एका हॉटेलला खुर्च्यांचा भाव कळवायचा होता. त्यांना मेलच हवी होती, तीही संध्याकाळच्या आत. पोंभुर्ण्याच्या विणणाऱ्या बायांचं वर्षभराचं काम त्या ऑर्डरवर होतं.

बाईंनी दोन बोटांनी अदबीची मेल टाइप केली. ती अडकली. दुसरी लिहिली, जरा कमी अदबीची. तीही अडकली. दुपारपर्यंत बाईंचा पारा बल्लारपूरच्या उन्हाच्याही वर गेला आणि मेलचा ढीग साचला.

मी जहीरला फोन लावला. "तुहं मशीन हैदराबादचा पत्ता काऊन सांगून नाई राह्यलं?"

"ते तुह्याच मशीनले विचारून राह्यलं ना," जहीर म्हणाला. "टेलिफोनवाल्यायचा काय भरवसा? घरचा माणूस बरा."

म्हणजे सकाळपासून दोन्ही मशीनं एकमेकांना 'थांब, विचारून सांगतो' म्हणत बसली होती! मी मेहुण्याचा नाद सोडला. इंटरनेटच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरपासून स्वतःच चौकशी करत यायला मशीनला शिकवलं. धडाधड मेल सुटल्या. मी टेबलावर थाप मारली, आणि मग लक्षात आलं की सगळ्याच सुटल्या!

हॉटेलवाल्यानं आधी शेवटची उघडली. तीत बाईंनी कळवलं होतं की घ्यायच्या तर घ्या, नाहीतर गिऱ्हाइकांना फरशीवर बसवा.

फोन वाजला तेव्हा ऑर्डर गेलीच, असं मी धरून चाललो. पण पलीकडून हॉटेलवालाच गयावया करत होता. सगळ्या खुर्च्या पक्क्या, भाव तुमचाच, फक्त रागावू नका. कारखान्यात नुसता जल्लोष!

मी शाबासकीसाठी कॉलर नीट करून पुढे झालो.

"सैफ," बाई म्हणाल्या, "पुढच्या ऑर्डरले तुह्या मेहुण्याचंच मशीन लावजो. पयलीच मेल पोचली असती तं तो हॉटेलवाला भाव पाडत बसला असता."