कठड्यातले साहेब

"आता बघा हं मुलांनो, डोकं आत घालणं एकदम सोपं असतं," असं म्हणून स्टेशन ऑफिसर साहेबांनी गॅलरीच्या कठड्याच्या दोन गजांमधून आपलं डोकं बाहेर काढलं, आणि पुढचा दीड तास ते बाहेरच राहिलं.

चौथीचा वर्ग अग्निशमन केंद्र बघायला आला होता. दोन वेण्यांच्या एका मुलीनं विचारलं होतं, "डोकं आत जातं, तर मग परत का येत नाही?" हा साहेबांचा आवडता विषय. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शाळेच्या फाटकातून, खिडकीच्या गजांतून आणि एकदा तर पातेल्यातूनही डोकी सोडवली होती. अडकलेलं डोकं म्हणजे घाबरलेलं डोकं, असं त्यांचं शास्त्र होतं. घाबरायचं नाही, कान दाबायचे, हनुवटी वळवायची, की झालं. दरवर्षी येणाऱ्या वर्गासमोर ते हे स्वतःवर करून दाखवत आणि टाळ्या घेत. यंदा फरक इतकाच होता, की साहेबांनीच हुकूम सोडून कठड्याला रंगाचे तीन जाड हात मारून घेतले होते. शिवाय वर्षभरात साहेबांच्या गालांनीही थोडी प्रगती केली होती.

त्यांनी कान दाबले. हनुवटी उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. मग थोडा वेळ काहीच केलं नाही.

"आता परत काढा ना," दोन वेण्या म्हणाली.

"काढतो. आधी नीट बघून घ्या तुम्ही."

"बघितलं आम्ही."

"मग पुन्हा बघा!"

वर्गाच्या बाईंच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी मुलांना ओळीत उभं केलं आणि गाडी दाखवण्याच्या निमित्तानं खाली नेलं. वर साहेब राहिले, अर्धे गॅलरीत आणि मानेपासून पुढचे अंगणावर.

खालून त्यांचे सब-ऑफिसर वर बघत उभे होते. या गृहस्थांना सगळं केंद्र मौनीबुवा म्हणत असे. कामाला वाघ, पण तोंडातून शब्द काढायचा तर जणू परवानगीचा अर्ज करावा लागायचा. साहेबांचं आणि त्यांचं दुखणं नेमकं इथंच होतं. साहेबांच्या मते आगीच्या जागी जो ओरडत नाही तो हुकूम देऊच शकत नाही. मुख्यालयातून एक कागद येऊन पडला होता. सब-ऑफिसर स्वतंत्रपणे पथक सांभाळू शकतात का, याचं उत्तर त्यात मागितलं होतं. साहेब दोनदा 'आणखी अनुभव हवा' असं लिहून मोकळे झाले होते. तिसऱ्यांदा आलेल्या कागदाची मुदत आज संध्याकाळी संपत होती. यावेळीही तेच उत्तर गेलं, तर मौनीबुवांची बदली भांडारात, पाइप मोजायला. आणि अनुभव मिळणार कसा? अकरा वर्षांत एकदाही साहेबांनी गाडीची पुढची जागा सोडली नव्हती. अंगात ताप असताना ते गेले होते. स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यातून उठून गेले होते. आपण नसलो तर गाडी फाटकाबाहेर पडेल खरी, पण पुढे कुठे वळायचं ते तिला कळणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

"गज फाकवायचं यंत्र आणा," साहेब वरून म्हणाले. "आणि आवाज न करता आणा."

मौनीबुवा गाडीकडे वळले, यंत्राच्या कप्प्याला हात घातला, आणि तेवढ्यात घंटा झाली.

त्या केंद्रात तेव्हा अजून पितळी घंटा होती. आता बटण दाबलं की भोंगा वाजतो आणि सगळे भोंगे सारखेच. घंटेचं तसं नव्हतं. फोनवाले काका ती वाजवत, आणि ठोक्यांवरून माणसांना कळायचं की झाडावर मांजर अडकलंय की कुणाचं घर पेटलंय. हे ठोके घर पेटल्याचे होते. जेवणाची ताटं अर्धी टाकून, एक बूट पायात आणि एक हातात, माणसं धावायची. त्या धावण्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला आजही दुसरा कुठला आवाज गोड लागत नाही.

"गादीच्या दुकानाला आग!" काकांनी खिडकीतून ओरडून पत्ता सांगितला.

फायरमन गाडीत चढले. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि सवयीनं शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग सगळ्यांनीच वर बघितलं. मौनीबुवांच्या हातात यंत्र होतं.

"साहेब," ते म्हणाले, "आधी कोण?"

यंत्र वर आणून गज फाकवायला पाच मिनिटं तरी जाणार. घंटा झाल्यापासून एका मिनिटात गाडी फाटकाबाहेर, हा नियम त्यांनीच भिंतीवर लाल अक्षरांत लिहून घेतला होता.

"विचारता काय? निघा!"

मौनीबुवांनी यंत्र कप्प्यात ठेवलं आणि पुढच्या जागेवर बसले. गाडी फाटकाबाहेर पडली. चौथीच्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. साहेबांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा आपली गाडी मागून पाहिली.

मुलं शाळेत परत गेली. केंद्रात उरले साहेब आणि काका. काका वॉकीटॉकी आणि साबणाच्या पाण्याची बादली घेऊन वर आले. साबणानं साहेबांचे कान स्वच्छ झाले, एवढाच त्याचा उपयोग. मग काकांनी अंगणापलीकडच्या साहेबांच्या क्वार्टरमध्ये फोन लावला.

"वहिनी विचारतायत, जेवायला खाली येणार की वर पाठवू?" काकांनी निरोप आणला.

"तिला कशाला सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं. त्यांना खिडकीतून दिसतंय."

एवढ्यात रस्त्यावरून पोस्टमन गेला. त्यानं वर बघून अदबीनं नमस्कार केला. साहेबांनी मान हलवून स्वीकारायचा प्रयत्न केला आणि दोन्ही कानांना गज लागले.

वॉकीटॉकी खरखरली. काका कठड्यावरून वाकले आणि ती साहेबांच्या कानाशी धरली.

"पोचलो. वरच्या मजल्यावर माणसं. आधी तीच," मौनीबुवांचा आवाज आला.

"त्यांना सांगा, मागच्या बाजूनं शिडी लावा!" साहेब ओरडले. "काका, बटण दाबा ना!"

काकांनी बटण दाबलं नाही. दोन मिनिटांनी आवाज आला, "मागून शिडी लावली. चौघं उतरली. सुखरूप."

थोड्या वेळानं पुन्हा, "पाणी सुरू." मग बराच वेळ काही नाही. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर जमला. दोन्ही हातांनी गज आवळून धरले होते, त्यामुळे तो पुसायचंही सुचलं नाही. काकांनी आपल्या रुमालानं पुसला.

"आग विझली," मौनीबुवा म्हणाले.

"विझली म्हणे! काका, कापूस आहे तो! वरून विझतो आणि आत धुमसत राहतो! हे परत येतील आणि तासाभरात पुन्हा पेटेल. दाबा बटण, हुकूम आहे माझा!"

आता वर दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा काकांनी साहेबपण बाजूला ठेवलं. साहेब नवे फायरमन म्हणून भरती झाले त्या दिवशी त्यांना बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या ते काकांनीच शिकवलं होतं.

"तू जरा दम धर," काका म्हणाले. "तुझी पहिली आग आठवते का? लाकडाची वखार?"

आठवत नसेल कशी? तेव्हाच्या मोठ्या साहेबांना सगळे वस्ताद म्हणत. वखारीपाशी गाडी थांबली आणि वस्ताद म्हणाले होते, "माझा पाय आज फार दुखतोय रे. तू जा पुढे, बघ काय ते." साहेब तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. गेले, जमेल तसं ओरडले, आणि तीन तासांनी काळं तोंड घेऊन परत आले. आयुष्यात पुन्हा कधी इतका आनंद झाला नव्हता.

"बिचाऱ्यांचा पाय बरेच दिवस दुखत होता," साहेब म्हणाले.

"कुठला पाय? मी होतो ना तेव्हा गाडीवर ड्रायव्हर. सकाळीच कवायतीत सगळ्यांबरोबर धावले होते ते. तीन तास माझ्या शेजारी बसून राहिले. दाराची कडी अशी आवळून धरली होती, की हाताच्या शिरा वर आल्या. तू एकदा चुकीच्या बाजूला वळलास, तेव्हा उठले. मी म्हटलं, जाऊ का बोलवायला? तर परत बसले. म्हणाले, त्याचं त्याला कळेल."

वस्ताद जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या दुखऱ्या पायासाठी साहेबांनी एकदा लांबून कुठूनसं औषधी तेल आणून दिलं होतं, आणि वस्तादांनी ते गंभीर चेहऱ्यानं ठेवूनही घेतलं होतं. साहेबांना आता हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. वस्तादांची त्यांना इतकी आठवण आली, की मान अडकलेली आहे हेसुद्धा ते क्षणभर विसरले.

वॉकीटॉकी खरखरली.

"निघायला वेळ लागेल," मौनीबुवांचा तोच सपाट आवाज. "आत धुमसतंय. एकेक गादी बाहेर काढून उसवतोय." मग थोडं थांबून, त्यांच्या मानानं भाषणच म्हणायचं असं एक वाक्य आलं, "साहेबांना सांगा, त्यांनी शिकवलंय तसंच करतोय."

काकांनी वॉकीटॉकी खाली ठेवली. साहेबांचं नाक पुन्हा पुसावं लागलं, पण यावेळी घामासाठी नाही.

"काका, माझ्या टेबलावर एक कागद आहे. मुख्यालयाचा. आणि पेन."

कागद आला. काकांनी तो पुठ्ठ्यावर ठेवून कठड्याच्या आतल्या बाजूला, साहेबांच्या हाताखाली धरला.

"मला दिसत नाहीये. कुठे लिहायचं तिथे माझं बोट ठेवा."

"ठेवलं. काय लिहिणार?"

"होय. एवढंच."

साहेबांनी आंधळेपणानं 'होय' लिहिलं आणि सही केली. सही कागदावर सुरू होऊन पुठ्ठ्यावर संपली. दुसऱ्या दिवशी मुख्यालयातून फोन आला, साहेबांची तब्येत बरी आहे ना म्हणून.

गाडी परत आली ती कापसानं पांढरी आणि काजळीनं काळी होऊन. मौनीबुवांनी यंत्र वर आणलं, दोन गज फाकवले, आणि साहेब मोकळे झाले. कुणी हसलं नाही, कारण सगळे ओठ चावत उभे होते. ती इमारत पाडेपर्यंत ते दोन गज तसेच वाकडे होते. ते सरळ करून घेण्याचा हुकूम साहेबांनी कधी सोडला नाही.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. घंटा झाली, रद्दीच्या ढिगाला आग लागल्याची. साहेब धावले आणि त्यांचा हात सवयीनं गाडीच्या पुढच्या दाराला गेला. मौनीबुवा न बोलता मागे चढायला निघाले होते.

साहेबांनी दार उघडलं आणि धरून ठेवलं. "बसा," ते म्हणाले. "माझी मान दुखतेय."

आणि ते मागे जाऊन दोन फायरमनच्या मधे बसले. वळणावर गुडघ्याला गुडघा लागत होता, पुढचं काहीच दिसत नव्हतं, ड्रायव्हरच्या मानेवरचा तीळ तेवढा दिसत होता. कुठे वळायचं ते गाडीला बरोबर कळत होतं. साहेबांना थोडं वाईट वाटलं आणि त्याहून पुष्कळ बरं वाटलं.

आग किरकोळ होती. परत आल्यावर सगळे अंगणात पाइप गुंडाळायला बसले. मागे बसणाऱ्यांचंच ते काम, तेव्हा साहेबांनीही एक पाइप घेतला. कित्येक वर्षांनी घेतला होता. गुंडाळी पूर्ण करून ते मोठ्या अभिमानानं उभे राहिले.

मौनीबुवा आले. त्यांनी गुंडाळी बुटाच्या टोकानं जरा दाबून पाहिली.

"सैल आहे," ते म्हणाले. "पुन्हा."

ड्रायव्हर लगबगीनं टायरची हवा तपासायला लागला. काका खिडकीतून आत सरकले. मौनीबुवांच्या आपण काय बोललो ते लक्षात आलं आणि त्यांचे कान लाल झाले, पण शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गुंडाळीकडे पाहिलं.

"होय साहेब," साहेब म्हणाले, आणि पाइप उलगडायला खाली बसले.