शेवटची सोळा पानं

आमच्या वाचनालयात माझ्याइतका रसिक माणूस नाही, हे मी नम्रपणे सांगतो. नम्रपणा हा माझा आणखी एक गुण!

तरीही सहा वर्षं मी हंगामी ग्रंथपालच. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "दारात फळा लावा. यंदाचा तुमचा आवडता चित्रपट, मालिका, संगीत, पुस्तक. लोक गोळा झाले तर नवीन वर्षात तुम्ही कायम. नाही झाले तर..." आणि त्यांनी माझ्या खुर्चीवरून हात फिरवला.

मी फळा रंगवला. चित्रपट : साडेतीन तास एक माणूस विहिरीकडे बघतो, तो. (मी झलक पाहिली. त्यातच डोळा लागला.) मालिका : परदेशी, गहन. (बायकोनं भाजी निवडता निवडता गोष्ट सांगितली होती.) संगीत : फक्त वाऱ्याचे आवाज. (आमची खिडकी नीट लागत नाही.) आणि पुस्तक : सहाशे छप्पन्न पानांची एक कादंबरी. तिच्या पाठीवर छापलं होतं, 'शेवट हादरवून सोडतो.' मी खाली माझं मत लिहिलं, 'शेवट तर झपाटून टाकणारा!'

"वाचलीत तरी का?" बायकोनं विचारलं.

"अगं, पुस्तक हातात घेतलं की मला कळतं."

"टरबूज आहे का ते?"

दोनच दिवसांत अध्यक्षांनी कादंबरी परत आणली. डोळे पाणावलेले!

"काय शेवट आहे हो! सगळं सोडून नायिका कोंबड्या पाळते!"

कोंबड्या? कुठल्या कोंबड्या? पण मी मान डोलावली. "कोंबड्यांशिवाय तिला दुसरा मार्गच नव्हता."

"वा! हे मला सुचलं नव्हतं!"

बातमी पसरली. पुस्तक एक आणि मागणारे अकरा! गाव लोटलं की काय असं वाटावं इतकी माणसं दारात. कोणी म्हणे कोंबडी म्हणजे एकटेपण, कोणी म्हणे खुराडं म्हणजे संसार. अध्यक्षांनी खूश होऊन थेट लेखकालाच रविवारी बोलावलं आणि माझ्या नेमणुकीचं पत्र त्याच्याच हस्ते द्यायचं ठरवलं.

शुक्रवारी दुपारी निवृत्त नर्सबाई कादंबरी परत करायला टेबलाशी आल्या. या बाई छापलेलं सगळं वाचतात, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

"ग्रंथपाल, सहाशे चाळिसाव्या पानावर नायिका जिना चढतेय. पुढच्या पानावर एकदम 'खुराड्याची जागा कशी निवडावी'. बाइंडरनं दुसऱ्याच पुस्तकाची सोळा पानं शिवलीत हो इथं! फळ्यावर शेवटाचं एवढं कौतुक केलंत, तुम्ही वाचलंय ना?"

"अर्थात!"

बाई नुसत्या हसल्या. तसं हसून त्यांनी आयुष्यभर इंजेक्शनं दिली असणार.

त्या गेल्या तशी मी ती सोळा पानं उघडली. आणि काय सांगू, हललोच नाही जागचा! पिल्लांना ऊब कशी द्यावी, पाणी किती वेळा बदलावं... सगळं कसं झऱ्यासारखं स्वच्छ. दोनदा वाचली.

रविवारी सभागृह खचाखच. एवढी माणसं पाहून लेखक बावरला, सवय नसावी. अध्यक्ष गरजले, "यांच्या कोंबड्यांनी आम्हाला रडवलं!"

"कोंबड्या?" लेखक पुटपुटला. त्यानं समोर पाहिलं. दीडशे ओले डोळे. त्यानं घसा खाकरला. "ते प्रकरण... फार थोड्यांना उमगलं."

टाळ्या! एवढ्यात नर्सबाई उठल्या. माझ्या नेमणुकीचं पत्र अध्यक्षांच्या खिशातून अर्धं डोकावत होतं, ते मला पुन्हा आत जाताना दिसू लागलं.

"माझा एक प्रश्न आहे. अंड्याला आतून टवका पडतो, पण पिल्लू बाहेर येत नाही. तेव्हा नायिका काय करते? लेखकांना नको, ग्रंथपालांना विचारते."

लेखकानं सुटकेचा निःश्वास सोडला. मी उभा राहिलो. उत्तर पाठ होतं.

"काही करत नाही. हात लावत नाही. ऊब तेवढी राखते, आणि वाट पाहते."

मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. लेखकानं रुमाल काढला. नर्सबाई खाली बसल्या. "वाचलंय खरं," एवढंच म्हणाल्या. आणि पत्र माझ्या हातात पडलं!

घरी बायको म्हणाली, "अभिनंदन. आधीची सहाशे चाळीस पानं कधी वाचणार?"

"आता मी कायम झालोय. घाई काय आहे?"

आणि हो, सभा संपल्यावर लेखक मला पुस्तकांच्या कपाटाआड घेऊन गेला होता. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "ते शेवटचं प्रकरण... जरा वाचायला मिळेल का?"

मी वही उघडली. नियम म्हणजे नियम. त्याचा नंबर बारावा लावला.