रघूदादांची एकतिसावी व्याख्या

रघूदादांना कोणी नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नाहीत. ते विचारतात, "दहशतवाद म्हंजे काय? येका वाक्यात सांगा."

समोर पोस्टमन असो, पाहुणा असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेली सोयरी मंडळी असोत, सुटका नाही. माझ्या धाकट्या नणंदेला बघायला आलेल्या लोकांनी आमचं घर समजून चुकून शेजारचं, म्हणजे रघूदादांचं दार ठोठावलं होतं. पाऊण तासाने ते आमच्याकडे आले, पाणी प्यायले आणि पोहे न खाताच निघून गेले. मुलगी पसंत होती म्हणे, शेजार पसंत नव्हता.

रघुनाथ घरत हे त्यांचं पूर्ण नाव. वय सत्तरीच्या पुढे. उरणकडच्या एका कंटेनर यार्डात जन्मभर शिट्ट्या मारून ट्रेलर मागे घेण्याचं काम केलं. नोकरी संपली, शिट्टी संपली नाही. निवृत्तीनंतर ते किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांत गेले आणि त्यांना एक नारिंगी जाकीट मिळालं. तेव्हापासून ते जाकीट त्यांच्या अंगावर आहे. हळदीलाही ते घालूनच येतात. मी हायस्कूलात मराठी शिकवते, म्हणून मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात आणि व्याख्या लिहून घेण्याचं काम माझ्या गळ्यात मारतात.

हे वेड कुठून आलं ते रेवसच्या जेटीवर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. मी सांगते, कारण त्या दिवशी मीही तिथे होते.

आमच्याकडे मुंबईला काही पाठवायचं तर कुरिअर कोण करतो? पिशवी नीट बांधायची, लाँचवर खलाशाकडे द्यायची आणि फोन करायचा. पलीकडे भाऊच्या धक्क्यावर आपलं माणूस येऊन उतरवून घेतं. मालक अलीकडे, पिशवी समुद्रात, हे आमचं रोजचंच. बरोबर त्याच लाँचवर पाटी असते, 'बेवारस वस्तूंना हात लावू नका'. त्या पाटीवर आम्ही छत्र्या अडकवतो.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर सावधगिरीचा आदेश आला होता. रघूदादा आठवडाभर शिट्टी तोंडात ठेवूनच हिंडत होते, जेवतानाच काय ती काढायचे. अशात सकाळच्या लाँचच्या वेळी त्यांना जेटीवरच्या पत्र्याच्या शेडमागून कोणाचं तरी फोनवरचं बोलणं ऐकू आलं. फोनला रेंज नव्हती. कानावर आलं ते एवढंच: "दोन पिशव्या चढवल्यात... बों... बों... हालो?... सांभाळून, न्हाय तं धक्क्यावर फुटंल..."

रघूदादांनी शिट्टी मारली. आयुष्यभर ट्रेलर थांबवलेली शिट्टी ती. लाँच थांबली, माणसं उतरली, एका बाईने घाईत दुसरीचंच मूल उचललं. शेडमागून हातात फोन घेऊन बाहेर आले ते मकबूलभाई. खाडीपलीकडच्या गावातले, रघूदादांचे शाळेपासूनचे दोस्त. पिशव्यांत त्यांच्या मुलीसाठी सुके बोंबील होते.

पण ते कळायला दोन तास गेले. पोलीस आले, त्यांनी अदबीने विचारपूस केली, पिशव्या उघडल्या, हसले आणि दोनदा हात धुतले. लाँचची भरती मात्र निघून गेली. आणि ते दोन तास मकबूलभाई जेटीच्या टोकाशी एकटे बसले होते. आम्ही सगळे तीस पावलांवर उभे. त्यांच्या मुलीच्या लग्नात जेवलेले लोक होते त्यात. मी होते. मला आजही त्याची लाज वाटते.

त्या दिवसापासून मकबूलभाई रेवसला आले नाहीत. मुंबईला जायचं तरी गाडीने, सगळा वळसा घालून. रघूदादा जो भेटेल त्याला सांगायचे, "पत्र्याआडून बोलना आला. मानूस दिसला न्हाय, आवाज वळखला न्हाय. हिंदू हाय का मुसलमान हाय, काय म्हायती? नियमानं शिट्टी मारली." आणि मग त्यांनी एक अशी व्याख्या शोधायला घेतली, जिच्यात त्यांची शिट्टी बरोबर ठरेल आणि मकबूलभाईही निर्दोष राहतील. ती सापडली की ती घेऊन दोस्ताकडे जायचं, असा बेत. जगातले शहाणे लोक कित्येक वर्षं मोठमोठ्या परिषदा भरवतात आणि तरी त्यांचं या व्याख्येवर एकमत होत नाही, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं. "त्यांच्याकडं सुनंदाचा चाय नसंल," ते म्हणाले.

सुनंदाची टपरी जेटीच्या तोंडाशी आहे. तिथे आमचं व्याख्या मंडळ भरायचं. अध्यक्ष रघूदादा, चिटणीस मी, आणि विरोधी पक्ष म्हणजे चंदर. चंदरची मासेमारीची होडी आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याचा विरोध आहे.

"लिवा, मास्तरीणबाई. जो साध्यासुध्या लोकान्ना भीती घालतो तो दहशतवादी."

"मंग आमचा लाइनमन," चंदर म्हणाला. "बिल भरला न्हाय तं तार कापीन म्हनतो."

व्याख्या खोडली. पुढच्या बैठकीला त्यांनी 'राजकीय हेतूसाठी' हे शब्द घातले. सुनंदा किटली उतरवता उतरवता म्हणाली, "म्हंजे मतां मागाया येतात ते?" तीही खोडली. त्यापुढची रघूदादांनी फार विचार करून आणली होती: "सरकार सोडून बाकी कुनी भीती घातली तं."

"सरकारला का सोडायचा?" चंदर उसळला. "कपडा इस्त्रीचा आसला की सुटला काय मानूस?"

यावर दोन दिवस भांडण चाललं आणि टपरीचे चार ग्लास फुटले. 'निरपराध' या शब्दावर तर मंडळ फुटायचीच वेळ आली, कारण चंदरच्या मते आमच्या गावात तसं कोणी नव्हतंच. मी वर्गात व्याख्या शिकवते, 'नामाच्या जागी येणारं ते सर्वनाम' वगैरे. त्या मुलांना इतका त्रास देत नाहीत. सर्वनाम बिचारं कोणालाच जखमी करत नाही.

व्याख्या अडली, तेव्हा रघूदादा मोजमापाकडे वळले. "मेलेली मानसं मोजून दहशत कलत न्हाय," ते म्हणाले. "मेलेला मानूस घाबरत न्हाय. जित्ती किती घाबरली ता मोजा." विचार मला पटला. पण मोजायचं कसं? आमच्याकडे तिन्हीसांजेला पुढचं दार उघडं ठेवतात, लक्ष्मी येते म्हणून. रघूदादा दिवेलागणीला गावभर फिरून आतून कडी लावलेली दारं मोजू लागले. आकडा भयंकर आला. त्यांचा चेहरा उतरला. मग सुनंदाने घरोघर चौकशी केली, तेव्हा कळलं की निम्म्यांनी डासांसाठी लावलं होतं आणि उरलेल्यांनी रघूदादा येताना दिसले म्हणून.

शेवटी उपाययोजना. एका सकाळी त्यांनी जेटीवर सराव ठेवला. शिट्टी झाली की सगळ्यांनी पालथं पडायचं. शिट्टी झाली. मासळीच्या पाण्याने भरलेल्या त्या जेटीवर पालथे पडले फक्त रघूदादा. सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लुगडा धुवाला तुमी येनार काय?" चंदरने त्यांना हात देऊन उठवलं, जाकिटाला चिकटलेली कोळंबी काढली आणि पहिल्यांदाच काही बोलला नाही.

असं होता होता तीस व्याख्या झाल्या, तीसही खोडल्या. मी थकले होते. मग एक दिवस चंदरनेच बातमी आणली: मकबूलभाई शुक्रवारी घर बंद करून मुलीकडे मुंबईला निघालेत, कायमचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघूदादा आमच्या दारात उभे. हातात कागद. "येकतिसावी झाली. चला. रिक्षा बोलावलीय."

"मी कशाला?"

"चिटनीस हाव तुमी."

रिक्षात ते सबंध वाटभर ओठ हलवत पाठ करत होते. मकबूलभाई अंगणात खुर्चीवर बसले होते. दोन बॅगा भरून ओट्यावर ठेवलेल्या. आम्हाला पाहून ते उठले नाहीत, पण एक खुर्ची त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवली. रघूदादा उभेच राहिले आणि वाचू लागले. व्याख्या पाऊण पानाची होती. तिच्यात 'हेतू' चार वेळा आणि 'तथापि' सहा वेळा आला होता. तथापि त्यांना मी शिकवलेला होता, मी कबूल करते.

मकबूलभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, "झाला? आता येक सांग, रघ्या. तू माजा आवाज वळखला व्हतास का न्हाय?"

रघूदादांनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक घडी. तो कागद सुपारीएवढा झाला तरी त्यांचं घडी घालणं थांबेना.

"वळखला व्हता," ते म्हणाले. "पयल्या शब्दाला वळखला."

दोन वर्षं मी या माणसाच्या व्याख्या शुद्ध अक्षरात उतरवत होते, आणि सगळ्या एका खोट्यावर उभ्या होत्या.

"तरी शिट्टी मारलीस."

"मारली. आठवडाभर कानावर जा पडत व्हता, ता त्या घडीला डोक्यात शिरला. तुज्या जागी चंदर आसता तं हसून सोडला आसता. खोटा कशाला बोलू? मी घाबरलू, मकब्या. तुला घाबरलू. साठ वरसां तुला वळखतो आन् तुला घाबरलू."

"मला ठावं व्हता," मकबूलभाई म्हणाले. "शिट्टीच्या आधी तू माजा नाव घेतलंस. मी आयकला." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलीचा होता. त्यांनी तोंडावर आडवा हात धरला आणि पुटपुटल्यासारखं काहीतरी बोलून तो ठेवून दिला.

"बरा न्हाय काय तुला?" रघूदादांनी विचारलं.

"बरा हाय. आता आसाच बोलतो फोनवर. कुनी तरी आयकतंय आसा वाटतं." ते थोडंसं हसले. "नसीमाला वाटतं, अब्बाच्या गल्याला काय तरी झालंय. डाक्टरला दाखवाला म्हनून तं नेतेय. तिला काय सांगू, बोंबलाची गोष्ट सांगू?"

रघूदादा चार पावलं चालून मकबूलभाईंच्या अगदी बाजूला गेले, खांद्याला खांदा लागेल इतके, आणि फोनकडे बोट दाखवून म्हणाले, "लाव तिला परत. आन् मोठ्यानं बोल."

मकबूलभाईंनी फोन लावला. "हालो," ते म्हणाले, तेच पुटपुटणं.

"मोठ्यानं बोल रे. मी हाय हितं."

मकबूलभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "हालो नसीमा! मी बोलतोय, अब्बा!" आणि शेजारच्या परसातल्या कोंबड्या फडफडून कुंपणावर चढल्या.